भूक की भीती? विष्ठेतून वाचता येणारी रानातल्या जिवांची तब्येत

पिल्लू जन्मलं आणि जेमतेम अर्ध्या तासात गेलं. आईने मात्र त्याला सोडलं नाही. ते डोक्यावर तोलत, घसरून बुडायला लागलं की खाली सूर मारून पुन्हा वर आणत ती १७ दिवस पोहत राहिली. त्या दिवसांत तिने सुमारे १,६०० किलोमीटर अंतर कापलं. ही २०१८ च्या जुलै-ऑगस्टमधली गोष्ट, अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सेलिश समुद्रातली. त्या मादी ऑर्काची, म्हणजे ‘किलर व्हेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या शिकारी सागरी सस्तन प्राण्याची, नोंद जे-३५ या क्रमांकाने आहे आणि लोक तिला ताहलेक्वा म्हणून ओळखतात. २०२४ च्या डिसेंबरात तिला पुन्हा एक पिल्लू झालं. तेही गेलं, आणि २०२५ च्या जानेवारीत ती पुन्हा तशीच मेलेलं पिल्लू वाहून नेताना दिसली.

ही छायाचित्रं जगभर पोचली. पण तिथल्या लोकांपुढचा प्रश्न त्याआधीपासूनचा होता. या ऑर्कांची पिल्लं जगत का नाहीत? या समूहात १९९५ मध्ये ९८ ऑर्का होत्या, अलीकडे ही संख्या ७५ च्या आसपास घुटमळते आहे. कुणी म्हणे त्यांचा मुख्य आहार असलेला चिनूक जातीचा सॅमन मासा कमी झाला. कुणी म्हणे ऑर्का पाहायला येणाऱ्या बोटींनी त्यांना भंडावून सोडलं आहे. तिसरं उत्तर होतं समुद्रात साठलेल्या कारखान्यांच्या विषारी रसायनांचं. आणि उत्तर बदललं की खर्च कुणी सोसायचा तेही बदलतं. मासे हे कारण असेल तर नद्यांवरची धरणं आणि मासेमारी यांना हात घालावा लागतो, बोटी असतील तर पर्यटनाला.

ज्याचं दुखतंय त्याला विचारावं, तर ते बोलत नाही. कित्येक टन वजनाच्या मुक्त प्राण्याच्या रक्ताची सुईने तपासणी करणंही शक्य नाही. उत्तर मिळालं ते विष्ठेतून. तेही एका कुत्र्याच्या मदतीने.

## नाकावर चालणारी बोट

टकर हा काळा, लॅब्रेडॉरच्या मिश्र जातीचा कुत्रा. त्याला पाण्याची भीती वाटायची, पोहायचं नावही नको. पण बोटीच्या नाळेवर तो खुशाल उभा राही. ऑर्का पुढे निघून गेल्या की ही बोट त्यांच्या बऱ्याच मागून, वाऱ्याला आडवी जात राहते. वाऱ्यावर वास आला की टकर सावध व्हायचा, मान बाहेर काढायचा, नाक वळवायचा. नाक उजवीकडे वळलं की बोट उजवीकडे. वास हरवला की तो गोंधळून मागे पाहायचा, मग बोट पुन्हा वळवायची. असं करत करत ती माणसं पाण्यावर तरंगणाऱ्या एका बुळबुळीत, तपकिरी-हिरवट डागापाशी पोचायची. ऑर्काची विष्ठा थोडाच वेळ तरंगते आणि मग विरून बुडते, त्यामुळे घाई असायची. जाळीच्या भांड्याने ती अलगद उचलायची, बाटलीत भरायची आणि लगेच गोठवायची. टकरला बक्षीस म्हणून चेंडू. दीड-दोन किलोमीटरवरूनही त्याने असे डाग शोधून दिल्याच्या नोंदी आहेत.

या कामामागचे शास्त्रज्ञ म्हणजे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले सॅम्युअल वॉसर. टांझानियातल्या मिकुमीच्या रानात ते बबून माकडांचा अभ्यास करत होते. कळपातल्या माद्यांच्या आपापसातल्या छळामुळे काहींची गरोदरपणं टिकत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं. पण हे शरीराच्या आतून तपासायचं कसं? माकडाला हात लावला, तर ज्याचं मोजमाप घ्यायचं तेच बिघडणार. विष्ठा मात्र ते मागे टाकून जातंच. १९८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मादी बबूनचं मासिक चक्र आणि गरोदरपण विष्ठेतल्या संप्रेरकांवरून ओळखता येतं. पुढे हीच पद्धत घुबडांपासून हत्तींपर्यंत वापरली गेली. १९९७ पासून त्यात शिकवलेल्या कुत्र्यांची भर पडली.

## विष्ठेत असतं तरी काय?

संप्रेरक म्हणजे हार्मोन. शरीरातल्या ग्रंथी रक्तात सोडतात ते रासायनिक निरोप. यातले बरेचसे काम झाल्यावर यकृतात मोडले जातात. त्यांचे तुकडे पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. प्रयोगशाळेत मोजले जातात ते हेच तुकडे.

यात एक फायदा लपलेला आहे. रक्ताचा थेंब फक्त त्या क्षणाचं सांगतो, आणि तोही बहुतेकदा बिघडलेला क्षण असतो. प्राणी पकडला की साधारण तीन मिनिटांतच त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक वर चढायला लागतं, म्हणजे आपण मोजतो ती आपणच घातलेली भीती. विष्ठेत मात्र आतड्यात अन्न जितका वेळ राहिलं, तितक्या काळाची सरासरी उतरते. छोट्या पक्ष्यात ती काही तासांची असते, हत्तीत एक-दोन दिवसांची. शेजारून एक गाडी गेली आणि हत्ती क्षणभर दचकला, तर ते त्यात हरवून जातं. रोजच दचकत असेल, तर ते दिसतं.

त्याच नमुन्यात आणखीही बरंच काही असतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी असतात, त्यांतल्या डीएनएवरून नर की मादी आणि नेमका कोण ते कळतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावरून गाभण आहे का हे कळतं. काय खाल्लं, पोटात कोणते जंत आहेत, शरीरात कोणती विषं साठली आहेत, हेही. एका जिवाला स्पर्श न करता त्याची एवढी चौकशी करता येते, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

मोजतात कसं, ते थोडक्यात. नमुना वाळवायचा, दळायचा, अल्कोहोलमध्ये घुसळून त्यातले संप्रेरकांचे तुकडे वेगळे काढायचे. मग संगीतखुर्चीसारखा खेळ लावायचा. एका ताटलीत ठरावीक संख्येच्या खुर्च्या असतात. या खुर्च्या म्हणजे ते संप्रेरक पकडून ठेवणारी प्रतिपिंडं. त्यात रंगाची खूण लावलेलं संप्रेरक मोजून घालायचं आणि नमुन्यातलंही घालायचं. नमुन्यात ते जास्त असेल तर ते जास्त खुर्च्या बळकावतं, रंगवाल्यांना जागा कमी उरते आणि रंग फिका पडतो. फिका रंग म्हणजे जास्त संप्रेरक.

ही पद्धत प्रत्येक जातीसाठी आधी पडताळून घ्यावी लागते, कारण वाघाचं यकृत आणि हरणाचं यकृत एकच संप्रेरक वेगवेगळ्या प्रकारे मोडतं. त्यासाठी बहुधा पाळीव किंवा प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला ताणाचं संप्रेरक वाढवणारं इंजेक्शन देतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी विष्ठेत ती वाढ दिसते का ते पाहतात. नमुना ताजा हवा, ही दुसरी अट. बाहेर पडल्यावरही विष्ठेतले जिवाणू ते तुकडे मोडतच राहतात, म्हणून जुन्या नमुन्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

## ठेव मोडली, पण कशासाठी?

ताणाचं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल आणि त्याचे भाऊबंद. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ते सोडतात. आपण त्याला ताणाचं संप्रेरक म्हणतो खरं, पण त्या नावाने थोडी दिशाभूल होते. त्याचं मूळ काम आहे साठवलेली साखर, चरबी, वेळ पडली तर स्नायूसुद्धा मोडून शरीराला ताबडतोब ऊर्जा देणं. बँकेतली मुदत ठेव मोडायची परवानगी, असं समजा. वाघ अंगावर आला, ठेव मोडा. पळायला ताकद हवी. दोन दिवस खायला मिळालं नाही, तरीही ठेव मोडा. मेंदू आणि हृदय चालू राहायला हवं.

अडचण इथेच आहे. विष्ठेत कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं, तर ठेव मोडली एवढंच कळतं. भीतीने मोडली की भुकेने, हे कळत नाही. ऑर्कांच्या बाबतीत भांडण तर नेमकं त्याचंच होतं.

म्हणून वॉसर यांच्या गटाने दुसरं एक संप्रेरक मोजायला घेतलं. ते थायरॉइड ग्रंथीचं, टी-३ नावाचं. शरीर किती वेगाने ऊर्जा जाळतं, ते टी-३ ठरवतं. हा घरातला महिन्याचा खर्च. घरात पैसा येईनासा झाला की माणूस हात आखडता घेतो. तसंच खाणं कमी पडलं की शरीर टी-३ उतरवतं, चयापचय मंदावतो आणि शिल्लक पुरवून वापरली जाते. भीतीचा मात्र टी-३ वर फारसा परिणाम होत नाही. शिकारी मागे लागला म्हणून कुणी घरखर्च कमी करत नाही.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. कॉर्टिसॉल वर आणि टी-३ जागेवर असेल, तर बहुधा त्रास आहे, उपासमार नाही. कॉर्टिसॉल वर आणि टी-३ खाली असेल, तर पोट रिकामं आहे. या साध्या जोडीत मला या सगळ्या संशोधनाचं मर्म दिसतं. रानातल्या प्राण्याच्या ताणाची बातमी वाचली की मी आधी पाहतो, त्यांनी एकच आकडा मोजला की दोन.

## ऑर्कांचा हिशेब

२००७ ते २००९ या वर्षांतल्या नमुन्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटी हे मुख्य कारण असतं, तर भर उन्हाळ्यात, बोटींची गर्दी शिगेला असताना कॉर्टिसॉल सर्वांत वर असायला हवं होतं. झालं उलट. ऑगस्टच्या सुमारास, बोटी सर्वाधिक असताना ते सर्वांत खाली होतं, कारण त्याच सुमारास फ्रेझर नदीकडे निघालेल्या चिनूक माशांचे थवे या समुद्रातून जातात. शरद ऋतूत बोटी कमी झाल्या, मासेही कमी झाले आणि कॉर्टिसॉल वर गेलं. आकडा बोटींबरोबर नाही, माशांबरोबर हलत होता.

टी-३ ने आणखी एक गोष्ट उघड केली. वसंताच्या अखेरीला ऑर्का या समुद्रात परततात, तेव्हा ते सर्वांत वर होतं. म्हणजे इथे येण्याआधीच त्या कुठेतरी पोटभर जेवून आल्या होत्या. संशोधकांनी बोट ठेवलं ते कोलंबिया नदीच्या मुखाशी वसंतात येणाऱ्या चरबीदार चिनूक माशांवर. सेलिश समुद्रातल्या ऑर्कांचं आरोग्य दक्षिणेला शेकडो किलोमीटरवरच्या एका नदीवर अवलंबून आहे, हे त्या विष्ठेत लिहिलेलं होतं.

मग २०१७ चा अभ्यास आला. २००८ ते २०१४ या काळातले ७९ ऑर्कांचे ३४८ नमुने. प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉनवरून कोणती मादी गाभण आहे ते ओळखलं आणि पुढे तिच्यासोबत पिल्लू दिसतं का ते पाहिलं. ओळखता आलेल्या गरोदरपणांपैकी ६९ टक्के फसली होती. फसलेल्यांपैकी एक तृतीयांश तर अगदी शेवटच्या टप्प्यात, किंवा जन्मानंतर लगेच. ज्यांची पिल्लं गेली, त्यांचं टी-३ खालच्या पातळीवर होतं. ऑर्काचं गरोदरपण १७-१८ महिन्यांचं असतं. इतके महिने पोटात वाढवलेलं पिल्लू अखेरीस गमावणाऱ्या माद्या होत्या त्या, आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांना त्या कधी गाभण होत्या हेच बहुतेक वेळा कळलं नव्हतं. ताहलेक्वाचं दुःख जगाला दिसलं, एवढाच तिच्या बाबतीतला फरक.

पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट त्याच पाण्यात आहे. तिथेच दुसऱ्या प्रकारच्या ऑर्का फिरतात, ज्या मासे नाही, सील आणि तत्सम सस्तन प्राणी खातात. बोटी त्याच, गोंगाट तोच. पण सील मुबलक आहेत, आणि त्या ऑर्कांची संख्या वाढते आहे.

## म्हणजे बोटी निर्दोष?

नाही. हा निष्कर्ष घाईने काढणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. ऑर्का आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतात. बोट जवळ आली की माद्या अनेकदा शिकार थांबवतात, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. मासे भरपूर असताना एखादी शिकार हुकली तर चालून जातं. मासे तुरळक असताना तीच हुकलेली शिकार महाग पडते. विषांचंही तसंच. ती चरबीत साठतात. पोट भरलेलं असताना चरबीत निपचित पडून असतात आणि उपासमारीत ती चरबी जळायला लागली की रक्तात उतरतात. भूक हे मूळ, बाकीचे त्रास त्या भुकेवर स्वार झालेले.

उपायही त्यामुळे दुहेरी झाले. वॉशिंग्टन राज्यात २०२५ पासून या ऑर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर, दूर राहण्याचा नियम लागू झाला. माशांसाठी मात्र नद्यांकडे जावं लागतं. एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली गेली आणि सॅमनला वरच्या पात्राची वाट मोकळी झाली. स्नेक नदीवरच्या धरणांचा वाद अजून चालू आहे. बोटींना नियम लावणं सोपं आहे, धरण काढणं अवघड. म्हणूनच मूळ कारण कोणतं, याचा आकडा हाताशी असणं इतकं महत्त्वाचं.

आवाजाचा ताण खोटा असतो, असंही नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फंडीच्या उपसागरात रोझलिंड रोलंड यांचा गट राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा करत होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर जहाजांची वाहतूक अचानक मंदावली आणि पाण्यातला आवाज ६ डेसिबलने घटला, म्हणजे ध्वनीचा दाब साधारण निम्मा झाला. त्या दिवसांतल्या नमुन्यांत ताणाच्या संप्रेरकांचे तुकडे कमी होते. असा प्रयोग ठरवून कुणालाच करता आला नसता.

## ताण कमी, म्हणजे सगळं ठीक?

आता समुद्र सोडून दक्षिण भारतात येऊ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन सुकुमार यांनी हत्तींवर काही दशकं काम केलं आहे. त्यांच्यासोबत संजीता शर्मा पोखरेल यांनी हत्तींच्या लिदीतली ताणाची संप्रेरकं मोजली. बंदीपूर आणि मुदुमलाईच्या जंगलांत त्यांना दिसलं ते अपेक्षेसारखंच होतं. कोरड्या ऋतूत गवत वाळतं, हत्ती खंगतात, बरगड्या आणि पाठीचा कणा वर दिसायला लागतो. जो हत्ती जितका रोडावलेला, तितकी त्याच्या लिदीत संप्रेरकं जास्त.

मग त्यांनी शेतात शिरणारे हत्ती तपासले. ज्यांच्यामागे लोक फटाके घेऊन धावतात, ज्यांच्या वाटेवर विजेची कुंपणं आणि खंदक आहेत, ते हत्ती. त्यांचा ताण जास्त असणार असं कुणीही म्हणेल. निघाला कमी, जंगलातच राहणाऱ्या हत्तींपेक्षा कमी.

कारण पोटात आहे. हत्ती जे खातो त्यातलं निम्म्याहूनही कमी त्याला पचतं, म्हणून दिवसाचा बहुतेक वेळ त्याचा खाण्यात जातो. रानातलं वाळकं गवत आणि झाडाची साल यांच्यापुढे भात, नाचणी, केळी ही मऊ, पोषक आणि एका जागी मांडून ठेवलेली. चांगल्या खाण्याने पाठलागाचा ताण झाकला जातो. सुकुमार १९८०च्या दशकापासून सांगत आले आहेत, की नर हत्ती शेतात येतो तो वाट चुकून नाही. धोका पत्करून मिळणारं पोषण त्याला परवडतं, म्हणून तो येतो.

हा निष्कर्ष मला फार अस्वस्थ करतो. एकच आकडा पाहणारा म्हणेल, शेतातले हत्ती मजेत आहेत. पण गोळी, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, यांपैकी काहीही लिदीत आगाऊ दिसत नाही. मरण्याच्या आदल्या दिवशीही त्या हत्तीचा आकडा छान असू शकतो. आणि ज्याच्या एका रात्रीत वर्षाचं पीक तुडवलं गेलं, त्या शेतकऱ्याचा ताण तर या नमुन्यात येतच नाही. या आकड्याचा व्यावहारिक अर्थ मात्र स्पष्ट आहे. फटाके आणि आरडाओरडा यांनी हत्ती आज पळेल, उद्या परतेल, कारण त्याच्या शरीराच्या हिशेबात सौदा फायद्याचाच ठरतो आहे. कोरड्या ऋतूत जंगलात खायला काय उरतं, याकडे पाहिल्याशिवाय हा हिशेब बदलत नाही.

## ताण जास्त, म्हणजे वाईटच?

तेही नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात स्कॉट क्रील यांच्या गटाने हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या मोटारगाड्यांचा लांडग्यांवर आणि एल्क हरणांवर काय परिणाम होतो ते २००२ मध्ये तपासलं. गाड्या जास्त, तिथे ताणाची संप्रेरकं जास्त. पण त्यामुळे त्यांची संख्या घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. ताण ही शरीराची तब्येत सांभाळण्याची यंत्रणाच आहे. ती चालू झाली म्हणजे लगेच ती कोलमडली असं होत नाही.

नुकसान कधी होतं, ते कॅनडातल्या युकॉनमधल्या सशांनी दाखवलं. तिथल्या बर्फाळ प्रदेशातल्या सशांची संख्या साधारण दर दहा वर्षांनी वाढते आणि कोसळते. लिंक्स रानमांजरं त्यांच्यावर वाढतात आणि मग त्यांना संपवत आणतात. मायकेल शेरिफ, चार्ल्स क्रेब्स आणि रूडी बून्स्ट्रा यांनी एक प्रयोग केला. कुंपणातल्या गाभण सशींजवळून एका शिकवलेल्या कुत्र्याला अधूनमधून थोडा वेळ फिरवलं. चावणं नाही, पकडणं नाही, फक्त दिसणं. त्यांतल्या काही सशींना जिवंत पिल्लं झालीच नाहीत, आणि ज्यांना झाली त्यांची पिल्लं लहान आणि हलकी होती. शिकारी जे खातो ते तर गेलंच, पण त्याच्या भीतीने जे जन्मलंच नाही, तेही हिशेबात धरावं लागतं. पुढे त्यांना असंही आढळलं, की आईचा ताण मुलींमध्ये उतरतो, त्यामुळे शिकारी कमी झाल्यावरही ससे लवकर सावरत नाहीत.

## मग वाघ पाहायला जावं की नाही?

हैदराबादच्या सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजी) या संस्थेच्या वन्यजीव प्रयोगशाळेतल्या गोविंदस्वामी उमापती यांच्या गटाने कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासली. पर्यटनाच्या दिवसांत ताणाची संप्रेरकं बंद हंगामापेक्षा जास्त होती. यावर कुणी रास्त शंका घेईल, की बंद हंगाम म्हणजे पावसाळा, फरक हवामानाचाही असू शकतो. पण संप्रेरकांचा आकडा गाड्यांच्या आणि पर्यटकांच्या संख्येबरोबर वाढताना दिसला, म्हणून गर्दीकडे बोट जातं.

याचा अर्थ पर्यटन बंद करा, असा मी घेत नाही. जंगल पाहून आलेली माणसंच पुढे जंगलासाठी उभी राहतात. पण एका वाघाभोवती किती गाड्या, किती वेळ, किती जवळ, हे आजवर अंदाजाने आणि वादावादीने ठरत आलं आहे. ते आता मोजून ठरवता येतं. एखाद्या वाटेवर गाड्या निम्म्या केल्या आणि पुढच्या काही महिन्यांत त्या भागातल्या विष्ठेतला आकडा उतरला का, एवढं पाहायचं आहे.

## गणना होतेच की, मग हा खटाटोप कशाला?

गणना सांगते किती उरले. तेही झाल्यानंतर. ऑर्का, हत्ती, कासवं यांच्यासारखे दीर्घायुषी प्राणी वर्षानुवर्षं पिल्लं गमावत असले, तरी म्हातारे जिवंत असतात तोवर आकडा फारसा हलत नाही. हलतो तेव्हा प्रजननक्षम माद्याच उरलेल्या नसतात.

आगाऊ इशारा मिळू शकतो, हे गालापागोस बेटांवरच्या समुद्री घोरपडींनी दाखवून दिलं. तिथे मायकेल रोमेरो आणि मार्टिन विकेल्स्की यांनी रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजलं होतं. एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या, काळात शेवाळ मरतं आणि या घोरपडी उपाशी पडतात. कोणत्या बेटावर किती जगतील, याचा अंदाज संप्रेरकाच्या पातळीवरून बांधता आला. २००१ च्या जानेवारीत जेसिका नावाचं तेलवाहू जहाज तिथे फुटलं. सांता फे बेटाच्या किनाऱ्याला थोडंच तेल लागलं आणि लगेच मेलेल्या घोरपडी नगण्य होत्या. सगळे सुटकेचा श्वास टाकत होते. पण संप्रेरकाची पातळी वर गेलेली होती, आणि पुढच्या वर्षभरात त्या बेटावरच्या ६२ टक्के घोरपडी मेल्या.

## कानातला मळ

विष्ठा दोन दिवसांची गोष्ट सांगते. दीडशे वर्षांची गोष्ट सांगणारी वस्तूही सापडली आहे, ती मोठ्या देवमाशांच्या कानात. त्यांचा कान बाहेर उघडत नाही, त्यामुळे मळ आयुष्यभर आतच साठत जातो. खाण्याच्या दिवसांत फिकट थर, स्थलांतराच्या उपासात गडद थर, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेंको यांनी २०१३ मध्ये एका निळ्या देवमाशाच्या कानातला सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा असा मळाचा खडा थराथराने सोलला आणि प्रत्येक थरातलं कॉर्टिसॉल मोजलं. मग संग्रहालयांत पडून असलेले जुने खडे बाहेर निघाले.

२०१८ मध्ये २० देवमाशांच्या नोंदी एकत्र जोडून १८७० पासूनचा आलेख तयार झाला. विसाव्या शतकात देवमाशांची शिकार वाढत गेली तसं कॉर्टिसॉल वाढत गेलं, १९६० च्या दशकात दोन्ही शिखरावर. दुसऱ्या महायुद्धात शिकार जवळजवळ थांबली होती, तरी कॉर्टिसॉल उतरलं नाही, उलट वाढलं. त्या वर्षांत समुद्रात युद्धनौका, पाणबुड्या आणि पाणसुरुंग होते. शिकारीला आळा बसल्यावर, १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत आकडा खाली आला. त्यानंतर तो पुन्हा चढू लागला. या वेळी तो शिकारीबरोबर चढत नव्हता, समुद्राच्या पृष्ठभागाच्या वाढत्या तापमानाबरोबर चढत होता. त्या चढण्यामागे भूक आहे की आणखी काही, हे कॉर्टिसॉल एकटं सांगत नाही.